मोजेरावांचं लग्न

माझी घटस्फोटित बायको माझी विहीण लागते.

हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातातल्या ग्लासकडे. (त्यात ताक असतं.) कोर्टाच्या कागदात असं काही लिहिलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्यात आज जे काही नातं शिल्लक आहे ते एवढंच आहे. ते जुळवलं आमच्या मुलीने, लॉकडाऊनमध्ये, माझ्या एका मोज्याच्या मदतीने.

तेव्हा सई सात वर्षांची होती. सोमवार ते शुक्रवार ती आईकडे, म्हणजे केतकीकडे, घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर. शनिवार-रविवार माझ्याकडे, कल्याणला, शहाडच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. केतकीच्या बाल्कनीतून खाडी दिसते. माझ्या बाल्कनीतून समोरच्या काकांच्या बनियनी दिसतात. हा फरक मी कधीच मनाला लावून घेतला नाही. (रोज घेतला.) अशाच एका शनिवारी सई छोटी बॅग घेऊन आली, आणि तिला परत सोडायच्या आत सगळंच बंद झालं. ज्या घोडबंदर रोडवर एरवी गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तो रस्ता झाडून रिकामा पडला, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला घराबाहेर पडायची बंदी!

केतकीचा फोन आला. "राहू दे तिला तुझ्याकडेच. एवढ्या लांब पोलीस सोडणार नाहीत. तुला जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जगावर संकट आलेलं, टीव्हीवर रोज नवीन आकडे, आणि मी स्वयंपाकघरात एकटाच गालात हसतोय! आता कुठला शुक्रवार आणि कुठला सोमवार? आता पोरगी पूर्णपणे माझी. बाप काय चीज आहे ते आता कळेल तिला.

बाप काय चीज आहे ते पहिल्या आठवड्यातच कळलं. मला. सकाळी वेणी (एक बाजू वर, एक खाली), मग ऑनलाइन शाळा, मग गणितं, मग डोसे, मग न खाल्लेले डोसे, मग माझं ऑफिसचं काम, त्यात मागून "बाबाऽऽ, शी झाली!" अशी घोषणा. ती थेट आमच्या बेंगळुरूच्या साहेबांच्या कानात. दिवसभर एवढं राबून मला सईकडून एकच वाक्य मिळायचं. "बाबा, नेट गेलं."

आणि संध्याकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल यायचा. अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासात सई जी खिदळायची! केतकीने चमचा नाकावर ठेवला, सई हसून लोळतेय. मी दुसऱ्या दिवशी नाकावर चमचा ठेवला. सई म्हणाली, "बाबा, तो उष्टा आहे."

मला केतकीचा मत्सर वाटायचा, सरळ सांगतो. तोही साधासुधा नाही, चांगला जळफळाट. मुलगी माझ्याकडे, काम माझ्याकडे, भांडी माझ्याकडे, आणि हसू तेवढं तिकडे!

त्यात डॉमनिक.

"बाबा, आईच्या समोरच्या फ्लॅटमध्ये डॉमनिककाका आहेत ना, ते गिटार वाजवतात. दार उघडं ठेवून. आई आपल्या दारात बसून ऐकते."

"अच्छा."

"त्यांनी आईला सुके बोंबील दिले. आई म्हणाली मस्त लागले."

माझ्या घरात असताना अंड्याचा वास आला तरी खिडक्या उघडणारी बाई! तिला आता बोंबील मस्त लागतात! डॉमनिक मूळचा तिथलाच, खाडीकाठच्या ख्रिस्ती गावातला. त्याच्या वाडीच्या जागेवरच तो टॉवर उभा राहिलेला. हे सगळं मला सईने सांगितलं, आणि मी विचारलं नसताना सांगितलं. (एकदा विचारलं होतं. फार तर तीनदा.)

"काका कशाला म्हणतेस?" मी म्हणालो. "मामा म्हण."

"का?"

आता का म्हणजे? काका म्हणजे बापाचा भाऊ. बाप नसलेल्या घरात काका म्हटलेला माणूस पुढे कुठवर जाईल काय सांगावं! मामा कसा आईचा भाऊ, एकदम सुरक्षित. पण हे सात वर्षांच्या मुलीला कसं समजावणार? मी म्हणालो, "असंच. मामा छान वाटतं." सईने ऐकून सोडून दिलं.

शाळेच्या समुपदेशक बाईंनी आमच्यासारख्या पालकांना एक मेसेज पाठवला होता. या काळात मुलांशी दुसऱ्या पालकाविषयी चांगलंच बोला, जुन्या गोड आठवणी सांगा, मुलांना आधार वाटतो. मी आज्ञाधारक माणूस. जेवताना सुरुवात केली.

"तुझी आई फार... नीटनेटकी आहे."

सईने पुढचा घास घेतला.

"आणि तिचं अक्षर चांगलं आहे." माझा साठा संपत आला होता. "आणि हो, आमच्या पहिल्या दिवाळीला तिने अनारसे केले होते. सगळे हसले."

"कोण हसलं?"

"अनारसे गं. तुपात टाकले की कधीकधी विरघळून कढईभर पसरतात. त्याला अनारसा हसला असं म्हणतात. ते हसले, म्हणून मीपण हसलो. मग आई भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

"म्हणून तुमचा घटस्फोट झाला?"

"नाही गं, तो नंतर." गोड आठवण तिथेच थांबवली.

मग शाळेने 'माझे कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं. सईने दोन घरं काढली, एक उंच, एक बुटकं. मध्ये स्वतः. मग पेन्सिल चावत विचारलं, "बाबा, तू माझा बाबा. आई माझी आई. पण आई तुझी कोण?"

"म्हणजे... आधी बायको होती."

"आता कोण?"

"आता... कोणी नाही."

"मग मी दोघांच्या मध्ये रेघ कशी मारू?"

मराठीत नात्यांना केवढे शब्द आहेत! साडू आहे, जाऊ आहे, मावसभावाच्या बायकोच्या माहेरच्यांनाही आपण काहीतरी म्हणतो. पण घटस्फोट झालेल्या बायकोला म्हणायला शब्द नाही. मी म्हणालो, "रेघ नको मारूस, फूल काढ." सईने फूल काढलं नाही. वही मिटली. त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि आईच्या कॉलवरचं खिदळणंसुद्धा थांबलं. मत्सरी माणसाला याने बरं वाटायला हवं होतं. मला मुळीच बरं वाटलं नाही. दोघांत कोणी नाही असं मी म्हणालो, आणि पोरीने ते खरं मानलं होतं.

एका दुपारी ती उशीत तोंड खुपसून रडत होती. विचारलं तर म्हणाली, "ठकी हवी."

ठकी म्हणजे केतकीने शिवलेली कापडी बाहुली. ती ठाण्याला राहिली होती. आता पुन्हा केतकीच! मी म्हणालो, त्यात काय, आपण दुसरी करू. कपाटातून एक राखाडी मोजा काढला, त्यात जुन्या उशीचा कापूस कोंबला, शर्टाची दोन बटणं डोळे म्हणून शिवली आणि लाल दोऱ्याने ओठ काढले. एक डोळा कपाळावर गेला, ओठ कानापर्यंत. सईने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"ही बाहुली नाहीये. हा बाहुला आहे. मोजेराव!"

मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, मोजेरावांचं आणि ठकीचं लग्न लावू या."

नवरा कल्याणला, नवरी घोडबंदर रोडला, लग्न व्हिडिओ कॉलवर. केतकी तर लगेच तयार झाली. मी तयार झालो ते दुसऱ्याच कारणाने. मोजेराव माझ्याकडचा, म्हणजे मी वरपक्ष! एवढ्या वर्षांत केतकीसमोर माझी बाजू पहिल्यांदाच वरची झाली होती. ही संधी मी सोडणार होतो थोडीच?

"आमच्या मानपानाचं काय?" मी कॉलवर विचारलं.

"कसला मान?" केतकी म्हणाली. "मुलाचा एक डोळा कपाळात गेलाय. आम्ही मुलगी देतोय हेच नशीब समजा."

"आमचा मुलगा शंभर टक्के सुती आहे!"

"आणि धुतलेला आहे का?"

सई मध्ये बसून एकदा माझ्याकडे आणि एकदा स्क्रीनकडे बघत होती, डोळे चमकत होते. आम्ही भांडत होतो आणि ती हसत होती, असं आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

केतकीने काडेपेटीच्या पलंगाचं आणि पिस्त्याच्या टरफलांच्या ताटांचं रुखवत मांडून कॅमेऱ्यासमोर फिरवलं. मी ठरवलं, लग्न असं करायचं की मुलीकडच्यांचे डोळे दिपले पाहिजेत. आदल्या दिवशी तिला मेसेज टाकला: "उद्या गोरज मुहूर्तावर मोजेरावांचं लग्न नक्की. मोजेराव महिनाभर माझ्याकडेच लपून आहेत, तब्येत ठणठणीत. फेटा, बँड, पन्हं सगळी सोय केली आहे. एकदम दणक्यात करू. येणार ना?"

आणि फोन ठेवून फेट्यासाठी चादर शोधायला गेलो.

मेसेज केतकीला गेला नव्हता. तो गेला होता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. त्याआधी मी तिथे भाजीचा टेम्पो कधी येणार ते विचारत होतो, आणि तो ग्रुप उघडाच राहिला होता. (ग्रुपचा आवाज मी कायमचा बंद करून ठेवलाय. सेक्रेटरी ढवळ्यांच्या सुप्रभातला कंटाळून.) म्हणजे इकडे मी चादर झटकतोय आणि तिकडे चारही मजल्यांवर हाहाकार! मोजे कोण? कुठून आणला? विठ्ठलवाडीचा का? तिकडे तर पेशंट निघालेत! लपवून का ठेवला? आणि एकटा राहणारा घटस्फोटित माणूस फेटा आणि बँड कशाला जमवतोय? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी निदान केलं. "मोजेराव-बिजेराव काही नाही हो. हाच गुपचूप दुसरं लग्न करतोय!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर कुर्ता आणि चादरीचा फेटा, खाली बर्म्युडा अशा वेषात उभा राहिलो. कॅमेऱ्यात वरचंच दिसणार होतं. मोजेरावांना मुंडावळ्या बांधल्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्याच्या पुढ्यात पन्ह्याचं पातेलं. अंतरपाट म्हणून मी फोनसमोर नॅपकिन धरला, आणि दुसऱ्या हाताने कुकरच्या झाकणावर पळी बडवून बँड सुरू केला. मंगलाष्टकं मीच म्हटली. सूर माझ्याकडे नाही, पण आवाज आहे.

"नवरीला आणा!" मी गर्जलो.

नॅपकिनच्या कडेवरून डोकावलो. स्क्रीनवर कोटबीट घातलेला एक उंच, देखणा (देखणा होता, काय करणार!) माणूस हातात ठकीला घेऊन येत होता.

"हा कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अरे बाबा, नवरीला मामा घेऊन येतो ना?" सई म्हणाली. "म्हणून मी डॉमनिककाकांना मामा केलं. तूच म्हणालेलास ना, मामा छान वाटतं म्हणून."

डॉमनिक तिकडून म्हणाला, "नमस्कार! पोरीचा मामा हाजर हाय. सई बाला, नवरा कुठं हाय तुजा?" आणि मागून केतकीचा आवाज आला, "झालं का रे तुझं समाधान?" म्हणजे हिला सगळं माहीत होतं! माझे कान गरम झाले. पण छातीवरची एक धोंड उतरली, तीही खरीच.

"शुभमंगऽऽल साऽऽव..." मी टिपेला पोचलो आणि दाराची बेल वाजली. मी दचकलो, कोपर डब्याला लागलं, डबा हलला आणि फोन उपडा होऊन थेट पन्ह्यात!

दार उघडलं. बाहेर मास्क लावलेले ढवळे आणि त्यांच्यामागे मास्कमध्ये न मावणाऱ्या मिशांचे हवालदार.

"हाच तो!" ढवळे ओरडले. "बघा, फेटा बांधून तयार!"

हवालदारांची नजर फेट्यावरून खाली बर्म्युड्यापर्यंत आली आणि तिथे थोडी रेंगाळली. "ओ साहेब, लॉकडाऊन कळतं का? लग्न लावताय? आत माणसं किती? मोजा!"

"हा काय," सई पुढे येऊन म्हणाली आणि तिने हात वर केला. "मोजा."

हवालदार मोजेरावांकडे बघत राहिले. मोजेराव एका डोळ्याने हवालदारांकडे आणि दुसऱ्याने छताकडे बघत होते.

"हा नवरा?"

"हो. आणि नवरी फोनमध्ये आहे. आणि फोन..." सईने मागे वळून पातेल्याकडे बघितलं. फोनवर एक केशराची काडी तरंगत होती. स्क्रीन काळी पडलेली. सईचा चेहरा एकदम पडला. "बाबा, हे लग्नपण मोडलं?"

तो "पण" सगळ्यांनाच ऐकू गेला. ढवळ्यांनी नजर जिन्याकडे वळवली. मी फेटा काढून हातात घेतला.

हवालदारांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. "मोडतंय कसलं? रेंज गेलेली थोडा वेळ. विहीणबाईंचा नंबर सांगा साहेब."

मी नंबर सांगितला. धडाधड, न अडखळता. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला माझ्या आईचासुद्धा नंबर पाठ नाही. ढवळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोजेरावांच्या मुंडावळ्या सारख्या करायला लागलो.

तिकडे केतकीने फोन उचलला तर समोर पोलीस! "सईला काय झालं? बोला ना, काय झालं तिला?"

"ताई, घाबरू नका, सगळे ठीक आहेत. मी वरपक्षाकडून बोलतोय," हवालदार म्हणाले, आणि दाराबाहेरूनच हात लांब करून फोन धरला. आतल्या बाजूने मी नॅपकिन धरला, मधे सई, हातात मोजेराव. पुढचं मंगलाष्टक हवालदारांनी म्हटलं, आणि शेवटचं 'सावधान' असं ठोकलं की समोरच्या काकांच्या दोन बनियनी खाली पडल्या. ढवळ्यांनी आधी हाताला सॅनिटायझर लावला आणि मग अक्षता टाकल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून टाळ्या वाजवत होत्या. तिकडे डॉमनिकने गिटार वाजवली. बरी वाजवतो. ठीक वाजवतो.

"व्याहीबुवा," केतकी हवालदारांच्या फोनमधून म्हणाली, "आमची मुलगी सांभाळा."

ती कुठल्या मुलीबद्दल बोलतेय ते मला कळेना. म्हणून नुसतीच मान हलवली.

पाहुणे गेल्यावर सईने वही उघडली. उंच घरापासून बुटक्या घरापर्यंत एक जाड रेघ मारली आणि रेघेवर लिहिलं, "विहीणबाई". वेलांटी चुकली होती, पण मी दुरुस्त केली नाही. मग ती वरण-भात मागून मागून जेवली.

माझा फोन गेला तो गेलाच. पण खरी शिक्षा पुढेच होती. त्या वर्षी नेमका अधिक महिना आला. तोवर रस्ते सुटले होते. केतकीचा निरोप आला. जावयाचं वाण द्यायचंय, जावयाला घेऊन या. मी मोजेरावांना मांडीवर बसवून, गाडी चालवत, घोडबंदरच्या परत आलेल्या ट्रॅफिकमध्ये अडकत तिथे पोचलो. पाटावर मोजेराव बसले. त्यांना ओवाळलं. त्यांच्यापुढे चांदीची वाटी आणि ताट भरून अनारसे, खसखस लावलेले, जाळीदार, सोनेरी! आमच्या अख्ख्या संसारात मला एक धड अनारसा मिळाला नव्हता, आणि या कापसाच्या गोळ्याला ताट भरून! मी जळत होतो. बायको गेली, मत्सर डॉमनिकवरून मोज्यावर आला, तोही माझ्याच पायातल्या!

कोणाचं लक्ष नाही असं बघून मी हळूच एक उचलला.

"आई!" सई किंचाळली. "बाबा जावयाचे अनारसे चोरतोय!"

केतकी आतून आली. डॉमनिकमामा समोरच्या दारातून आला. माझा हात ताटात, तोंड भरलेलं, मिशीला खसखस. बोलायला जावं तर पीठ उडत होतं. ताटातला एकही अनारसा हसलेला नव्हता. हसं झालं ते माझंच!